पोहण्याचं शास्त्र (भाग ५) : शेपटीशिवायची धाव

गेल्या आठवड्यात माशाची शेपटी पाहिली. आज स्क्विडकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या माकुळाकडे वळू. अंगातलं पाणी जोरात सोडून तो उलट दिशेला झेप घेतो. हे वर्गात दाखवायला बहुतेक शिक्षक हवेचा फुगा सोडतात. माझा आग्रह पाण्याच्या फुग्याचा आहे, कारण माकूळ पाण्यात राहतो आणि पाणीच सोडतो.

मोठ्या टबात पाणी घ्या. फुग्यात रंगीत पाणी भरा, तोंडात वाकणाऱ्या स्ट्रॉचा तुकडा घालून रबराने घट्ट आवळा. स्ट्रॉवर बोट दाबून फुगा टबात बुडवा आणि बोट काढा. रंगाची धार एकीकडे, फुगा दुसरीकडे. चाल जड असते, सुसाट नसते, पण धार स्पष्ट दिसते.

‘धार मागच्या पाण्याला ढकलते, म्हणून फुगा पुढे जातो’ असं मुलं हमखास म्हणतात. इथे घाई करू नका. मागे पाणी नसतं तरी फुगा सरकलाच असता. रॉकेट तर निर्वात पोकळीतही चालतं. ताणलेला फुगा आतल्या पाण्याला बाहेर ढकलतो आणि तेच पाणी फुग्याला उलट ढकलतं. न्यूटनने १६८७ साली मांडलेला तिसरा नियम तो हाच.

आता स्ट्रॉ वाकवा. फुगा गोल फिरू लागतो. मग जाड स्ट्रॉ लावा. बारीक नळीने जोर वाढेल असा मुलांचा अंदाज असतो, पण फुग्यातला दाब तेवढाच असेल तर रुंद तोंडातून जास्त पाणी सुटतं आणि धक्का मोठा बसतो. फुगा मात्र लवकर रिकामा होतो.

फुग्याला एकच झेप मिळते. माकूळ पुन्हा पुन्हा भरतो. डोक्याभोवतीच्या फटीतून पाणी आत येतं, कल्ल्यांवरून जातं, मग फट मिटते, अंगाची जाड स्नायूमय भिंत आवळते आणि पाणी डोक्याखालच्या नळीतून सुटतं. श्वास आणि धाव एकाच पाण्यावर! नळी हवी तिकडे वळते, म्हणून दिशाही हातात. सगळी भिंत एकदम आवळावी यासाठी काही स्क्विडांमध्ये जवळपास एक मिलिमीटर जाडीचे मज्जातंतू असतात. त्यांच्यावरच हॉजकिन आणि हक्स्ली यांनी काम केलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं.

ही धाव महाग पडते. मासा शेपटीने पुष्कळ पाणी सावकाश ढकलतो. माकूळ थोडं पाणी फार वेगाने फेकतो आणि त्यात शक्ती जास्त खर्च होते. म्हणून सावकाश फिरताना तो कडेच्या पंखांचीही मदत घेतो.

मासळी बाजारात गेलात तर ‘मावशी, साफ करू नका’ म्हणून एक अख्खा माकूळ घ्या. डोक्याखालच्या नळीत अलगद पेन्सिल सरकवा. ती जिथे पोहोचते, तिथेच त्याचे कल्ले असतात.