साबळेला घडवणारा फौजी प्रशिक्षक आणि आपल्या पोरांचं १६०० मीटर

अविनाश साबळे हे नाव आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. पण त्याला तयार कोणी केलं, हे विचारलं तर पारावरचे फार थोडे सांगतील.

ते अमरीश कुमार, लष्करातले प्रशिक्षक. अविनाश बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनची थंडी, राजस्थानचं ऊन, सगळं बघितलं. पळण्याच्या स्पर्धेत तो उतरला २०१५ च्या सुमारास, म्हणजे विशी ओलांडल्यावर. मधे वजन वाढलं होतं. अमरीश कुमारांनी तीन महिन्यांत वीसेक किलो उतरवून घेतलं आणि त्याला स्टीपलचेसला लावलं. ही शर्यत ३००० मीटरची. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा साधारण तीन फुटांचा आणि भक्कम, पाय लागला तर तो पडत नाही, आपणच पडतो.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८ मिनिटं २९.८० सेकंदांत गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्यपदक. सोनं हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागाने.

आता आपल्या गावाकडे या. तालुक्याच्या मैदानावर पहाटे पोरापोरींना पळवणारे माजी सैनिक पुष्कळ ठिकाणी दिसतात. काही जण फी घेतात, काही चहासुद्धा घेत नाहीत. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे नुसता ओरडणार. चांगला फौजी ओरडतो कमी, घड्याळ जास्त बघतो.

हिशोब साधा आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. आपलं पोरगं काय करतं? शिट्टी वाजली की पहिली फेरी ६५ सेकंदांत मारतं आणि तिसऱ्या फेरीला त्याचा दम जातो. दमाला दोष देण्यात अर्थ नाही, वाटणीच चुकली. म्हणून जाणकार प्रशिक्षक आधी ४०० मीटर ठरलेल्या वेगात पळवतो, दोन-तीन मिनिटं चालायला लावतो, पुन्हा पळवतो. असं सहा-आठ वेळा. तेही आठवड्यातून एक-दोनदाच. बाकीचे दिवस हळू आणि लांब पळणं, इतकं हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. एक दिवस पूर्ण सुट्टी. पोरांना हीच सुट्टी पटत नाही!

नडगी दुखायला लागली की ती अंगावर काढू नका. रोज डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत पळून हाडाला बारीक चीर जाते आणि मग भरतीचं ते वर्षच जातं. मातीचा सपाट रस्ता बरा. नांगरलेल्या रानात मात्र पळू नका, ढेकळात पाय मुरगळतो. आणि दुखणं दाबायचं इंजेक्शन घेऊन पळा, असं सांगणारा कोणी भेटला तर तो फौजी असो की अकॅडमीवाला, त्याच दिवशी त्याचं मैदान सोडा.

पोराला पाठवण्याआधी आईबापांनी एकदा पहाटे स्वतः जाऊन बघावं. प्रशिक्षकाकडे प्रत्येकाच्या वेळेची वही आहे का, आणि लंगडणाऱ्याला तो बाजूला बसवतो का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.