खरखर काढताना शब्द जपायचे कसे?

व्याख्यानमालेतलं भाषण, आजीने सांगितलेली १९७२ च्या दुष्काळाची हकिकत, शाळेतल्या मुलांनी गावच्या कुंभाराची घेतलेली मुलाखत, घरी बसून केलेला पॉडकास्ट. हे सगळं आता मोबाइलवर सहज रेकॉर्ड होतं आणि त्यावर हात फिरवायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअरही सहज मिळतं. पण ते उघडण्याआधीच अनेकांच्या मनात एक समजूत पक्की असते. रेकॉर्डिंग कसंही होऊ दे, नंतर सॉफ्टवेअर ते स्वच्छ करील! बाकीचे बहुतेक गैरसमज या एकाच समजुतीतून निघतात. सॉफ्टवेअर आवाजातलं काही कमी करतं, इकडचं तिकडे करतं, लहानमोठं करतं. जे माइकपर्यंत नीट पोचलंच नाही, ते त्याला परत आणता येत नाही. शिवाय कमी करताना नको त्याच्याबरोबर हवं तेही थोडं जातं. किती जातं, हे ऐकून ठरवण्याचं कसब शिकून घ्यावं लागतं.

‘फुकटचं आहे, म्हणजे कामचलाऊच असणार’

ऑडॅसिटीची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते लिहायला घेतलं आणि मे २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. त्याचा प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो, बदलताही येतो. बोलणं कापणं, जोडणं, आवाजाची पातळी सारखी करणं, खरखर कमी करणं, एवढ्या कामासाठी त्यात काहीही उणं नाही.

‘ते आता हेरगिरी करतं’ अशी भीतीही काही जणांना वाटते. तिला मागचा संदर्भ आहे. २०२१ मध्ये म्यूझ ग्रूप या कंपनीने ऑडॅसिटी विकत घेतलं. सॉफ्टवेअरच्या वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि वापरकर्त्यांच्या विरोधामुळे मागे घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या गोपनीयता धोरणावरूनही गदारोळ झाला आणि त्यातली भाषा बदलावी लागली. तुमचं रेकॉर्डिंग मात्र तुमच्याच संगणकावर राहतं. इंटरनेट बंद ठेवूनही संपादनाचं सगळं काम होतं. फक्त सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावं.

‘नॉइज रिडक्शन केलं की आवाज स्वच्छ होतो’

सगळ्यात जास्त नुकसान या गैरसमजामुळे होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

नॉइज रिडक्शन या खरखर कमी करणाऱ्या इफेक्टला आधी गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो. ज्या दोन-तीन सेकंदांत कोणी बोलत नाही, फक्त पंख्याचा किंवा फ्रिजचा आवाज आहे, तेवढा भाग निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तोच इफेक्ट लावायचा. सॉफ्टवेअर आवाजाचे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बारीक बारीक भाग पाडतं आणि प्रत्येक भागात नमुन्यातला गोंगाट किती होता ते बघतं. जिथे आवाज त्या पातळीच्या आसपासच असेल, तिथे तो दाबतं. म्हणूनच सतत एकसारखा चालणारा पंखा त्याला ओळखता येतो. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, मध्येच ओरडलेला कावळा यांचा नमुना कशातच बसत नाही. तिथे हा इफेक्ट कितीही वेळा लावला तरी काही हाती लागत नाही.

घुमारा ही तर याहून वेगळी गोष्ट. रिकाम्या सभागृहात भिंतींवरून परत आलेला आवाज हा बोलणाऱ्याचाच आवाज असतो, थोडा उशिराने आलेला. नॉइज रिडक्शनच्या हिशेबात तो गोंगाट ठरत नाही. घुमारा कमी करायचा तर माइक तोंडाच्या जवळ न्यायचा, जमेल तेव्हा गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली निवडायची. माइकचं अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. हा फायदा नंतर कुठल्याही मेनूत सापडत नाही.

मराठी बोलण्यात तर जास्त जपावं लागतं. ‘खरा’ आणि ‘करा’, ‘थाट’ आणि ‘ताट’ यांतला फरक बऱ्याच अंशी व्यंजनामागून सुटणाऱ्या श्वासावर पेललेला आहे. हा श्वास क्षीण असतो आणि त्याचा पोत खरखरीसारखाच असतो. ‘स’ आणि ‘श’ हेही तसेच. इफेक्टचा जोर वाढवला की आधी याच खुणा पुसट होतात. पंखा जातो, पण बोलणारा बोबडं बोलतोय असं वाटू लागतं आणि पाठीमागे पाण्याखालून यावी तशी बारीक किणकिण ऐकू येते. म्हणून ६ ते १२ डेसिबलपर्यंतच कपात करावी. उरलेला पंखा कानाला थोड्या वेळात सवयीचा होतो, चिरडलेले शब्द होत नाहीत.

नॉइज रिडक्शनच्या खिडकीतच ‘रेसिड्यू’ हा पर्याय आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा आहे. तो निवडून प्रिव्ह्यू ऐकला की जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात फक्त पंखा असेल तर ठीक. त्यात शब्द ओळखू येऊ लागले, तर कपात कमी करा. ऐकून झाल्यावर पर्याय पुन्हा ‘रिड्यूस’वर आणायला विसरू नका, नाहीतर हातात फक्त खरखर उरेल.

विजेची गुणगुण वेगळ्या उपायाने जाते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५० वर दिसते. साधारण ८० हर्ट्झवर हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचा आवाज अडवणारी चाळणी, लावला की तळातली गुणगुण आणि माइकला बसलेल्या धक्क्यांचा धबधब बराच कमी होतो. त्याहून वर चढू नये. जाड पुरुषी आवाजाचा मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आसपास असतो.

‘आवाजाची लाट पट्टाभर दिसली पाहिजे’

स्क्रीनवर बारीक लाट दिसली की रेकॉर्डिंग बिघडलं असं वाटतं आणि पुढच्या वेळी लोक माइकची पातळी वाढवून ठेवतात. डिजिटल आवाजात ० डेसिबल ही छताची पातळी. तिच्यावर गेलेल्या लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि त्या माथ्यावर काय होतं याची नोंद कुठेच राहत नाही. ‘क्लिप फिक्स’ आजूबाजूचं पाहून अंदाजाने माथा रेखाटतो, तेवढंच. उलट, कमी पातळीवर झालेलं रेकॉर्डिंग वाढवता येतं. साध्या १६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्येही सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला असतो आणि घरातल्या खोलीचा गोंगाट त्या पल्ल्याच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. म्हणून बोलण्याचे उंचवटे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आले की पुरे.

वाढवण्याच्या पद्धतींतही गल्लत होते. ‘अ‍ॅम्प्लिफाय’ शब्द आणि खरखर दोन्ही सारखंच वाढवतो, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. ‘नॉर्मलाइज’ सगळ्यांत उंच टोक पाहतो. भाषणात एकदा कोणी टाळी वाजवली असेल, तर त्या टाळीवरून सगळ्या भाषणाची पातळी ठरते आणि वक्ता हळूच राहतो. दोन माणसांच्या मुलाखतीत एक मोठ्याने आणि एक हळू बोलत असेल, तर दोघांचे भाग निवडून स्वतंत्रपणे जुळवणं हाच खात्रीचा मार्ग आहे. शेवटी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावावं. ते कानाला जाणवणारा मोठेपणा मोजतं आणि त्याचं एकक एलयूएफएस. युरोपातल्या प्रसारणासाठी उणे २३ ठरलेलं आहे, पॉडकास्टसाठी ॲपल उणे १६ च्या आसपास सुचवतं. खरखर काढण्याचं काम या आधी उरकावं, कारण पातळी बदलली की घेतलेला नमुना जुळत नाही.

‘अं... अं..., श्वास, थांबणं, सगळं कापून टाकावं’

कापणं ऑडॅसिटीत फार सोपं आहे, म्हणूनच ते जास्त होतं. श्वास पूर्ण काढला की बोलणारा माणूस यंत्रासारखा वाटतो. जोराचा श्वास असेल तर तेवढा भाग निवडून ६ ते १० डेसिबलने खाली आणणं बरं. एखादा खोकला काढायचा असेल तर त्या जागी कोरी शांतता ठेवू नये. खोलीचा स्वतःचा बारीक आवाज असतो, तो मध्येच तुटला की ऐकणाऱ्याचा कान टवकारतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला किंवा शेवटी कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोली रेकॉर्ड करून ठेवावी. भोकं बुजवायला आणि नॉइजचा नमुना घ्यायला तोच तुकडा कामी येतो.

कापलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज आला, तर लाट मधल्या रेषेपासून दूर असताना कापली गेली आहे. भाग निवडल्यावर झेड दाबलं की निवडीच्या कडा मधल्या रेषेवर सरकतात. कापायची जागा शक्यतो क, ट, प अशा व्यंजनाच्या आधी शोधावी, कारण तिथे तोंड क्षणभर बंद होऊन नैसर्गिक शांतता आलेली असते.

पण हीच शांतता मराठीत शब्दाचा भागही असते. ‘पक्का’, ‘सत्ता’, ‘गड्डी’ यांतलं जोडाक्षर म्हणजे मोठ्या अंशाने मधली ती मिटलेली वेळ. ती आखडली की ‘गड्डी’चा ‘गडी’ होऊ लागतो. लांबलेले विराम आपोआप आखडणारा ‘ट्रंकेट सायलेन्स’ हा इफेक्ट अर्ध्या सेकंदाहून लांब शांततेलाच हात लावील, असा बेतावा. त्याहून लहान शांततेवर तो सोडला तर शब्दांच्या आत शिरतो.

आठवणींच्या मुलाखतीत तर हा इफेक्ट वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. दुष्काळात विकलेल्या बैलाबद्दल सांगताना म्हातारा माणूस चार सेकंद थांबतो, तेव्हा ते चार सेकंद त्याच्या सांगण्याचा भाग असतात. आणि ‘नाही’ किंवा ‘पण’ कापल्याने वाक्याचा अर्थ फिरत असेल, तर ते संपादन उरत नाही. काटछाट कुठे केली हे बोलणाऱ्याला ऐकवावं.

‘कापलेलं कोणाला कळत नाही’

कळतं. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या जून १९७२ मधल्या एका ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटांचा भाग पुसलेला निघाला. न्यायालयासाठी तज्ज्ञांनी १९७४ मध्ये ती फीत तपासली, तेव्हा तो भाग एकदाच नव्हे, निदान पाच वेळा वेगवेगळा पुसला गेल्याचं त्यांना दिसलं. मूळ बोलणं मात्र परत मिळालं नाही. आज विजेच्या गुणगुणीचाही पुरावा म्हणून उपयोग होतो. विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या किंचित खालीवर सतत हलत असते. रेकॉर्डिंगमधली ती हालचाल वीजजाळ्याच्या नोंदींशी ताडून ते कधी झालं, मध्ये काही कापलं आहे का, याचा माग काढता येतो. आपण निरुपयोगी म्हणून गाळतो त्या गुणगुणीतही माहिती असते. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवण्याचं हे एक मोठं कारण.

‘सेव्ह केलं, झालं’

सेव्ह केल्यावर तयार होते ती ऑडॅसिटीची स्वतःची प्रकल्प फाइल. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर समोरच्याला ऐकता येत नाही. ऐकण्याजोगी फाइल ‘एक्स्पोर्ट’मधून निघते. मोबाइलच्या एम४ए फाइली विंडोजवर उघडत नसतील तर एफएफएमपेग हा जोड वेगळा बसवावा लागतो. फाइल बिघडलेली नसते.

एमपी३ ची वेव्ह फाइल केल्याने दर्जा परत येतो, असंही मानलं जातं. एमपी३ करताना जे गाळलं ते गेलंच, वेव्ह केल्यावर फक्त आकार वाढतो. आणि एमपी३ पुन्हा पुन्हा उघडून, कापून, पुन्हा एमपी३ केली तर दर खेपेला थोडं आणखी गळतं. म्हणून संपादन वेव्हमध्ये करावं आणि वाटायची प्रत तेवढी शेवटी एमपी३ मध्ये काढावी. एकट्या माणसाच्या बोलण्याला स्टिरिओची गरज नाही. मोनो ४४,१०० हर्ट्झ, १६ बिटची वेव्ह तासाला सुमारे ३१८ एमबी होते, मोनो ६४ केबीपीएसची एमपी३ तासाला जेमतेम २९ एमबी. मूळ रेकॉर्डिंग ठेवायला जागा पुरणार नाही, ही अडचण आता राहिलेली नाही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी जवळपास १०० तासांची मूळ वेव्ह मावते. फाइलच्या नावात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि ‘मूळ’ हा शब्द घालावा आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.