पळस, रोवन आणि मोठीआई

इंग्लंडमधील चेटूकविद्या, तिकडचा नवा शमनपंथ आणि झाडांविषयीच्या लोकसमजुती यांवरची इंग्रजी पुस्तके अलीकडे विद्यार्थ्यांच्या हातांत दिसू लागली आहेत. मीही ती आवडीने वाचतो. परंतु ती कशी वाचावीत याविषयी मला थोडे सांगावयाचे आहे. कारण माझे गाव सौंसर, आणि या पुस्तकांतल्या कितीतरी गोष्टी मी वाचण्यापूर्वीच पाहिल्या आहेत.

सौंसर मध्यप्रदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. बोली मात्र मराठी. 2023 पर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात होते, आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे. तिन्हीसांजेनंतर मी कढीलिंबाला हात लावला, की आजी ओरडायची, "झाड झोपलं ना बाप्पा! त्याले इचारलं का?" पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या राहत आणि दुसऱ्या दिवशी रोगराईसह त्या गावाबाहेर जात. त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि त्यासाठी पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. तीत माणसे जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. गोंडांचा बडा देव साजाच्या झाडात राहतो. सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निजलेला हनुमान आहे. 'बाहेरची बाधा' झाली असे म्हणून माणसांना तेथे आणतात.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे एल्डरचे झाड तोडण्यापूर्वी त्यातल्या 'म्हातारी'ची परवानगी मागत असत. रोवन नावाच्या झाडाला तांबडी फळे येतात. त्याची काटकी लाल दोऱ्याने बांधून गोठ्यावर लावली, की चेटूक बाधत नाही अशी समजूत होती. हे वाचताना मला आमच्या दारातला पळस आठवला. माझी आजी आणि इंग्लंडमधली एखादी शेतकरीण एकत्र बसल्या असत्या, तर भाषेवाचूनही त्यांचे जमले असते!

या विषयावरील ग्रंथांची परंपरा मोठी आहे. जेम्स फ्रेझर यांचा 'द गोल्डन बाऊ' 1890 साली निघाला. फ्रेझर स्वतः रानावनांत हिंडले नाहीत. जगभरातून आलेले वृत्तान्त वाचून त्यांनी तो रचला. 1921 साली मार्गारेट मरे यांनी मांडले, की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारले त्या एका प्राचीन धर्माच्या उपासक होत्या. 1948 साली कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी झाडांची प्राचीन वर्णमाला आणि पंचांगच उभे केले. इंग्लंडमधला चेटूकविद्येचा जुना कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली जेराल्ड गार्डनर यांनी हा धर्म आजही जिवंत आहे असे पुस्तक लिहून सांगितले. 'शमन' हा शब्द तर सायबेरियातला. ब्रायन बेट्स यांनी 1983 च्या कादंबरीत एका जुन्या अँग्लो-सॅक्सन हस्तलिखिताच्या आधारे इंग्लंडचा शमन रंगविला.

पुढे इतिहासकारांनी हे सारे तपासले. मरे यांचा सिद्धान्त टिकला नाही. ग्रेव्हज यांचे वृक्षपंचांग प्राचीन नसून त्यांच्याच प्रतिभेचे आहे, असे ठरले. रोनाल्ड हटन यांनी 1999 च्या ग्रंथात दाखविले, की हा 'जुना धर्म' वस्तुतः विसाव्या शतकातला आहे. युरोपात चेटकीण ठरवून सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली, असा आजचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या कुठल्या गुप्त पंथाच्या पुजारिणी नव्हत्या. शेजाऱ्याची गाय आटली, मूल दगावले, आणि बोट कोणाकडे तरी दाखवायचे होते, एवढेच.

येथे मला मोठीआई आठवते. आमच्या गल्लीतली ही एकटी विधवा आम्हा पोरांना बोरकूट द्यायची आणि काविळीवर झाडपाला द्यायची. एका वर्षी शेजारचे मूल तापाने गेले. एका भगताने नाव न घेता तिच्या घराची दिशा सांगितली. कोणी तिला मारले नाही. फक्त तिच्याकडे विस्तव मागायला जाणे बंद झाले, हळदीकुंकवाच्या दिवशी तर तिच्या सावलीलाही लोक टाळू लागले. आईने मला बजावले आणि मी तिच्या हातचे बोरकूट नाकारले. तिने मूठ मिटली आणि काही न बोलता आत गेली. वर्षभरात ती भावाच्या गावी निघून गेली. ज्या मुखाने आम्ही झाडाची क्षमा मागत होतो, त्याच मुखाने तिला चेटकीण म्हणत होतो.

इंग्लंडमध्ये आज एखादी बाई स्वतःला हौसेने चेटकीण म्हणवते, कारण त्या शब्दाने तिचा जीव जात नाही. आपल्याकडे तो शब्द कोणी स्वतःसाठी घेत नाही, तो दुसऱ्यावर फेकला जातो. देशातील गुन्ह्यांच्या सरकारी अहवालात खुनाच्या कारणांमध्ये 'जादूटोणा' हा रकाना अजून छापला जातो. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या त्याच वर्षीची. आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या कर्नाटकानेही 2017 साली असा कायदा केला.

म्हणून ही पुस्तके जरूर वाचावीत. झाडाला विचारून पान तोडण्यात वाईट काही नाही; उलट त्यातला संकोच आज पुष्कळांना शिकण्याजोगा आहे. परंतु 'चेटकीण' हा शब्द आला, की क्षणभर थांबावे आणि तो त्या बाईने स्वतः घेतला होता, की गावाने तिला दिला होता, हे विचारावे. मी हे फार उशिरा विचारले. मोठीआईला सांगायचे राहूनच गेले.