सिमेंटच्या पत्र्यातला ॲस्बेस्टॉस : आजार उशिरा येतो, कागद आधीच जपा

वारूळवाडी, नारायणगाव, मंचर, कुठेही बघा, करड्या रंगाचा नागमोडी सिमेंटचा पत्रा दिसतोच. कुणाच्या घरावर, कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या पोल्ट्रीवर किंवा गॅरेजवर. स्वस्त, न गंजणारा आणि आगीला न भिणारा. पण या पत्र्यात वर्षानुवर्षे सिमेंटसोबत साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस मिसळलं जात आलंय. ॲस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारा तंतूसारखा खनिज पदार्थ.

पत्रा शाबूत असेल तोवर हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडलं, फोडला की धूळ उडते आणि डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात. तिथे ते विरघळत नाहीत. हळूहळू फुफ्फुस कडक होत जातं, दम लागतो. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, शिवाय फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सरही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ४० वर्षं जातात. तोवर माणूस रिटायर होऊन गावी आलेला असतो, कारखाना बंद पडलेला असतो किंवा कंपनीचं नाव बदललेलं असतं. मग नुकसानभरपाई मागायची तर कुणाकडे, आणि पुरावा काय?

हा प्रश्न आपल्या भागाला लांबचा नाही. जुन्नर-आंबेगावची माणसं पिढ्यान् पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. टर्नर अँड न्यूऑल ही ब्रिटनची मोठी ॲस्बेस्टॉस कंपनी. तिच्या गटाने १९३४ मध्ये मध्य प्रदेशातल्या कैमूरला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना काढला. मुंबईत मुलुंडलाही असा कारखाना होता. घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो या तिच्याच कंपनीत ॲस्बेस्टॉसचे ब्रेक लायनर बनायचे. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात २००४ मध्ये १८१ कामगारांची तपासणी झाली, तेव्हा पाचातल्या एकापेक्षा जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला.

परदेशात अशा कंपन्यांवर दाव्यांचा डोंगर कोसळला. अमेरिकेतल्या जॉन्स-मॅनव्हिल या बांधकाम साहित्याच्या कंपनीने १९८२ मध्ये दाव्यांच्या ओझ्यामुळे दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे आजारी लोकांना पैसे देण्यासाठी वेगळा ट्रस्ट करावा लागला. टर्नर अँड न्यूऑल विकत घेणाऱ्या फेडरल-मोगल कंपनीवरही २००१ मध्ये हीच पाळी आली. ऑस्ट्रेलियात पत्रे बनवणाऱ्या जेम्स हार्डी कंपनीने २००१ मध्ये आपलं मुख्य ठाणं नेदरलँड्सला हलवलं. मागे भरपाईसाठी ठेवलेला पैसा फार अपुरा निघाला. कामगार संघटना आणि आजारी कामगार रस्त्यावर उतरले, सरकारी चौकशी झाली, आणि २००७ मध्ये कंपनीच्या पैशातून नवा भरपाई निधी उभा राहिला.

आपल्याकडे काय आहे? अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर जपायची. प्रत्येक कामगाराला आरोग्य विमा द्यायचा. त्या प्रकरणात तपासणीत आजार सिद्ध होईल त्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यायची. २०११ मध्ये मात्र ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदीची मागणी सुप्रीम कोर्टाने फेटाळली. नव्या खाणींना आपल्याकडे परवाने मिळत नाहीत, पण बाहेरून माल येतोच. जगातल्या साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे.

कामगार भरपाईच्या कायद्यात आणि ईएसआयमध्ये ॲस्बेस्टॉसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे हक्क आहे. पण तो मिळवायला कागद लागतो, आणि आपल्या घरांत नेमका कागदच सापडत नाही. अब्बा ‘मुंबईला कंपनीत होते’ एवढंच पोरांना माहीत असतं.

म्हणून घरात कुणी पत्र्याच्या, ब्रेक लायनरच्या किंवा ॲस्बेस्टॉस दोरी-कापडाच्या कारखान्यात काम केलं असेल, तर आजच एक फाइल करा. नेमणूक पत्र, पगाराची पावती, पीएफ नंबर, ईएसआय कार्ड, युनियनची पावती, ग्रॅच्युइटीचा कागद, जे मिळेल ते त्यात ठेवा. कोणत्या खात्यात, किती साली काम केलं ते लिहून काढा. सोबतच्या कामगारांची नावं लिहा, उद्या तेच साक्षीदार. कंत्राटी कामगाराला तर बहुतेक वेळा साक्षीदारांचाच आधार असतो.

दम लागत असेल, कोरडा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरला आधी जुनं काम सांगा. नाहीतर असे आजार टीबी किंवा दमा समजून वर्षानुवर्षे औषधं चालतात. छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी करून घ्या. रिपोर्टवर कामाचा उल्लेख करायला सांगा. निदान झालं की वेळ घालवू नका, दाव्याला मुदत असते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि कारखान्यातल्या कामगारांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. कामगार वारला असेल तर त्याच्या बेवालाही मागणी करता येते.

आता गावातल्या कामाचं. आपल्यातली बरीच मंडळी गॅरेज, भंगार, बांधकाम आणि पत्रे बसवण्याच्या कामात आहेत. जुना पत्रा ग्राइंडरने कापू नका. काढताना आधी पाण्याने भिजवा, फोडू नका, अख्खा उतरवा. तोंडाला रुमाल पुरत नाही, साधा एन-९५ मास्कही ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा नाही, बारीक धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरचा मास्क लागतो. ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. कारखान्यात पाऊलही न ठेवलेल्या बायका नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकून आणि धुऊन आजारी पडल्याची उदाहरणं जगभर आहेत. फुटक्या पत्र्याचे तुकडे अंगणात भरावाला टाकू नका, पोरांना त्यांच्याशी खेळू देऊ नका.

घरावरचा पत्रा शाबूत असेल तर घाबरून तो उद्याच काढायची गरज नाही. त्याला घासू नका, भोकं पाडू नका. नवीन घेताना दुकानदाराला ‘ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा आहे का’ हे विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या. ते बिलही त्याच फाइलमध्ये ठेवा.