अलिबागच्या कांद्यामागे कृषी विद्यापीठाचे बळ

अलिबाग : भाताची कापणी आटोपली, की अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, तळवली या गावांत पांढऱ्या कांद्याच्या लागवडीची लगबग सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये या कांद्याच्या माळा रस्त्याच्या कडेला टांगलेल्या दिसतात आणि मुंबई-पुण्याकडील पर्यटक त्या हौसेने घरी नेतात. चवीला गोडसर आणि चिरताना डोळ्यांत पाणी न आणणाऱ्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामागे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांचे परिश्रम आहेत.

प्राध्यापकांची कामगिरी सहसा शोधनिबंध आणि पुरस्कार यांवरून मोजली जाते. कृषी विद्यापीठाच्या कामाची खरी परीक्षा मात्र शेताच्या बांधावर होते. पांढरा कांदा हे त्याचे अलीकडचे उदाहरण. विद्यापीठ आणि राज्याचा कृषी विभाग यांनी मिळून जानेवारी २०१९ मध्ये मानांकनासाठी प्रस्ताव दाखल केला. २९ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबईत त्याची छाननी झाली आणि मानांकन देण्याचा निर्णय झाला.

मानांकन म्हणजे काय?

एखाद्या मालाचा दर्जा किंवा लौकिक त्याच्या मूळ प्रदेशाशी निगडित असेल, तर ते नाव वापरण्याचा हक्क त्या प्रदेशातील उत्पादकांपुरता राखून ठेवणे म्हणजे भौगोलिक मानांकन. यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणीचे कार्यालय चेन्नईला आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते.

केवळ ‘आमचा कांदा चांगला’ एवढे सांगून हे मानांकन मिळत नाही. मालाचे गुणधर्म, क्षेत्राचा नकाशा, लागवडीची पद्धत, इतिहासाचा पुरावा आणि मुख्य म्हणजे माती-हवामानाशी असलेला संबंध कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. इतिहासाच्या बाबतीत १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमधील या कांद्याचा उल्लेख मोलाचा ठरला.

मातीशी असलेला संबंध दाखविणे हे प्रयोगशाळेचे काम. कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त घटकांमुळे येतो. कांदा चिरला, की हे घटक विघटित होतात; त्यातून डोळ्यांत पाणी आणणारा वायू आणि पायरुविक आम्ल तयार होते. या आम्लाचे प्रमाण हेच तिखटपणाचे माप मानले जाते. अलिबागच्या जमिनीत गंधक कमी असल्याने येथील कांद्यात हे आम्लही कमी आढळते. पिढ्यान् पिढ्या शेतकरी जे अनुभवाने सांगत होते, त्याला अशा प्रकारे शास्त्राचा आधार मिळाला.

किनाऱ्यावरील अन्य कामे

१८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे रायगडच्या किनारपट्टीशी नाते जुने आहे. भरतीचे पाणी शिरून नापीक होणाऱ्या खारजमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ आणि ‘पनवेल-३’ या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. श्रीवर्धनच्या केंद्रात सुपारीवर संशोधन चालते. ‘श्रीवर्धनी’ ही जात तेथलीच. कोकणातील हापूस आंब्याला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, तेव्हा अर्जदारांत हे विद्यापीठ होते आणि त्या क्षेत्रात रायगड जिल्ह्याचाही समावेश आहे.

पुढची कसोटी

मानांकन मिळाले म्हणजे काम संपले, असे नाही. ‘अलिबागचा पांढरा कांदा’ हे नाव कायद्याच्या संरक्षणासह वापरण्यासाठी उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. गावोगावचे छोटे शेतकरी या नोंदवहीत आले नाहीत, तर मानांकनाचा मान गावाला आणि नफा दुसऱ्याला, अशी स्थिती होऊ शकते. बाहेरून आणलेला पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकला गेल्यास नुकसान होते ते याच शेतकऱ्यांचे.

दुसरा प्रश्न बियाण्याचा. कांद्यात मधमाश्यांमार्फत परपरागीभवन होते. त्यामुळे बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्याजवळ दुसऱ्या जातीचा कांदा फुलला, तर मूळ वाणात भेसळ होते. शिवाय कांद्याचे बी साधारण वर्षभरातच उगवणशक्ती गमावते. ते दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. निवडक कांदे राखणे, बियाण्याचे वाफे अन्य जातींपासून दूर ठेवणे आणि भेसळीची झाडे वेळीच उपटणे ही शिस्त शेतकरी व शास्त्रज्ञ यांनी मिळून पाळली, तरच वाण शुद्ध राहील.

ग्राहकाचाही यात वाटा आहे. माळ घेताना कांदा कोणत्या गावचा आणि विक्रेत्याची नोंद आहे का, एवढे विचारले तरी अस्सल माल पिकविणाऱ्याला बळ मिळते. विद्यापीठाने नावाला कायद्याची ओळख मिळवून दिली. ती टिकविण्याची जबाबदारी आता शेत आणि बाजार या दोघांवर आहे.