एकुलते एक टायरोसीन
(प्रथिनांतील इलेक्ट्रॉन : लेखांक सहावा)

प्रथिनाच्या अंतरंगातून इलेक्ट्रॉन एका उडीत फार तर १.४ नॅनोमीटर जातो, हे आपण गेल्या लेखात पाहिले. अंतर त्याहून वाढले की वेग इतका घटतो की एन्झाइमला त्याचा उपयोग राहत नाही. तरीही रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम तीन नॅनोमीटरहून अधिक पल्ला गाठते. आरएनएच्या घटकांपासून डीएनएचे घटक तयार करण्याचे काम याच्याकडे आहे. ते थांबले की पेशींचे विभाजन थांबते. ई. कोलाय जिवाणूत या एन्झाइमच्या एका भागात १२२ क्रमांकाच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, असते. प्रत्यक्ष रासायनिक क्रिया मात्र दुसऱ्या भागातील ४३९ क्रमांकाच्या सिस्टीनपाशी सुरू होते. मधल्या टायरोसीनांवरून टप्प्याटप्प्याने मूलक तिथवर पोहोचते. ही वाट उलगडण्यासाठी एमआयटीच्या जोॲन स्टब यांनी अनेक दशके दिली.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सीयुरिया दिले जाते, ते आपल्या पेशींतील याच एन्झाइमच्या टायरोसीनवरचे मूलक विझवते. सिकलसेलमध्ये त्याचा मुख्य फायदा गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढल्यामुळे होतो, हेही सांगायला हवे.

फ्री रॅडिकल म्हटले की आपल्याला पेशींची नासधूसच आठवते. इथे तर पेशी ते मुद्दाम बाळगते आणि कामाला लावते. मग प्रथिनात दडलेल्या टायरोसीनमधून एक इलेक्ट्रॉन काढायला नेमका किती व्होल्टचा जोर लागतो? प्रश्न साधा आहे, पण उत्तर अनेक वर्षे हाती येत नव्हते. नैसर्गिक एन्झाइममध्ये टायरोसीन अनेक, तसेच इलेक्ट्रॉन देऊ शकणारी ट्रिप्टोफॅन अनेक, वर लोह किंवा मँगनीज. विद्युतदाब वाढवला की इलेक्ट्रॉन कुणी दिला तेच कळत नाही. भर बाजारात एकाचा आवाज ओळखण्यासारखे ते होते. शिवाय तयार झालेले मूलक मोजमाप पुरे होण्याआधीच शेजारच्या रेणूंशी अभिक्रिया करून संपते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लेस्ली डटन यांच्या प्रयोगशाळेत सेसिलिया टॉमोस यांनी वेगळा विचार केला. गर्दीच नसलेले प्रथिन आपणच का बांधू नये? १९९९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ६५ अमिनो आम्लांची एक साखळी, तिची तीन सर्पिले, आणि त्यांना जोडणारे ग्लायसीनचे दोन छोटे दुवे. बाहेरच्या अंगाला पाण्याशी जमणारी ग्लुटामेट आणि लायसीन, आत मुख्यतः तेलकट ल्युसीन आणि व्हॅलीन. ३२ व्या जागेवर, पाण्यापासून दूर, एकच टायरोसीन; जुळ्या प्रथिनात त्याच जागी ट्रिप्टोफॅन. इलेक्ट्रॉन देऊ शकेल असे दुसरे काहीही नाही. ही रचना मला फार सुंदर वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक घटक एका प्रश्नासाठी निवडलेला आहे.

तरी खरा आकडा मिळायला २०१२ उजाडले. ब्रूस बेरी, मेलिसा मार्टिनेझ-रिवेरा आणि टॉमोस यांनी विद्युतदाबाचे झटपट पुढे-मागे होणारे स्पंद वापरले. पुढच्या स्पंदात टायरोसीन इलेक्ट्रॉन गमावते आणि मूलक नासण्याआधीच मागच्या स्पंदात तो परत मिळवते. जाणारा आणि येणारा प्रवाह जुळला, म्हणजे मोजमाप खरे. तटस्थ पीएचच्या आसपास उत्तर आले साधारण एक व्होल्ट. जैविक रसायनात हा फार मोठा दाब आहे.

त्याहून बोलका निष्कर्ष पुढे आहे. पीएच एका एककाने वाढवला की हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरतो. एका इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉन जात असेल तर सिद्धान्ताने नेमके हेच घडायला हवे. इलेक्ट्रॉन गेला की टायरोसीनचा हायड्रॉक्सिल गट तीव्र आम्ल बनतो आणि त्याला प्रोटॉन सोडावाच लागतो. म्हणजे एन्झाइमला इलेक्ट्रॉनची वाट आखताना प्रोटॉनचीही सोय पाहावी लागते. टॉमोस यांनी याच प्रथिनात ३२ व्या जागी सिस्टीन बसवून त्याला फिनॉल जोडले आणि त्याच्या हायड्रॉक्सिल गटाची जागा बदलून पाहिली. एवढ्या लहान बदलाचाही परिणाम मोजता येतो, ही या पद्धतीची ताकद.

तिची मर्यादाही उघड आहे. या प्रथिनातले मूलक कुठे जात नाही आणि कोणतीही क्रिया घडवत नाही. ते देते ते एक खात्रीचे मोजमाप. संपूर्ण वाट समजायला स्टब यांच्यासारखे खऱ्या एन्झाइममध्येच बदललेली टायरोसीन बसवून पाहावे लागते. माझ्या मते दोन्ही मार्ग एकमेकांशिवाय अपुरे आहेत.

पुढच्या आठवड्यात आपण हिरव्या पानात जाऊ. तिथे पाण्यापासून ऑक्सिजन वेगळा होताना टायरोसीन-झेडचा प्रोटॉन शेजारचे हिस्टिडीन घेते. तोवर एक व्होल्ट आणि ५९ मिलिव्होल्ट हे दोन आकडे लक्षात ठेवा, तिथे त्यांची गरज पडणार आहे.