आवाजाचा जोर आणि स्वराची उंची: काही गैरसमज

मोठा आवाज म्हणजेच उंच आवाज, हा समज शाळकरी मुलांइतकाच मोठ्यांमध्येही आढळतो. वस्तुतः हे ध्वनीचे दोन निराळे गुण आहेत. कंप पावणारी वस्तू सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते, म्हणजे तिची वारंवारता किती, यावर स्वराची उच्चनीचता ठरते व वारंवारता हर्ट्झमध्ये मोजतात. तीच वस्तू प्रत्येक वेळी मूळ जागेपासून किती सरकते, म्हणजे तिचा आयाम किती, यावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो. महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा ज्याच्यामधून जाते, त्या नवापूर रेल्वे स्थानकावर चार भाषांतून उद्घोषणा होतात. कर्ण्याचा आवाज वाढवला, तरी उद्घोषकाचा स्वर बारीक होत नाही, कारण कर्ण्यातील पडदा अधिक सरकू लागतो, पण अधिक वेळा नव्हे.

ढोलावर जोराने टिपरू मारल्यास स्वर चढतो, हाही असाच एक समज. जोराने मुख्यतः आवाज वाढतो. स्वर चढवायचा तर कातडे ताणावे लागते, आणि म्हणूनच वादक सर्दावलेला ढोल शेकोटीजवळ धरतात, जेणेकरून कातड्यातील ओल उडून ते आक्रसते व ताठ होते. बासरी मात्र येथे अपवाद ठरते, कारण तीच बोटे तशीच ठेवून फुंकर जोराची केली, तर स्वर वरच्या सप्तकात उडी घेतो. नियम पाठ करणाऱ्यांची पंचाईत होते ती येथेच.

सर्वांत चिवट गैरसमज रेल्वेच्या भोंग्याविषयीचा आहे. गाडी जवळ येत जाईल तसतसा भोंग्याचा स्वर चढत जातो, असे बहुतेकांना वाटते. सूरत-भुसावळ मार्गावरील एखादी गाडी नवापूरला न थांबता ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर, वेगाने येत असून तिचा भोंगा 400 हर्ट्झचा आहे, असे मानू. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो; गाडी आपल्याच लहरींच्या मागे धावत असल्याने पुढील लहरी दाटतात आणि फलाटाच्या कडेजवळ उभ्या असलेल्या श्रोत्याला जवळजवळ 431 हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. गाडी दूर असताना तो तेवढाच असतो आणि बरीच जवळ आल्यावरही तेवढाच. वाढतो तो केवळ आवाजाचा जोर, आणि कान त्यालाच चढता स्वर समजतो. गाडी समोरून निघून जाताच लहरी विरळ होऊन स्वर झपाट्याने सुमारे 373 हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे ऋषभावरून षड्जावर येण्यापेक्षाही किंचित अधिक. स्वर चढण्याचा टप्पा या साऱ्यात कोठेच नसतो.

ख्रिश्चन डॉप्लर यांनी हे तत्त्व 1842 मध्ये मांडले आणि 1845 मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी धावत्या गाडीवर तुतारीवादक बसवून व रुळांलगत स्वरज्ञानी संगीतकार उभे करून ते पडताळले. त्या काळी धावत्या गाडीवरील स्वराची वारंवारता मोजण्याचे याहून सोयीचे साधन नव्हते.

चालक भोंग्याचा स्वर बदलतो, ही समजूत तर सहज खोडता येते. गाडीत बसलेल्या प्रवाशाचे भोंग्यापासूनचे अंतर बदलत नसल्याने त्याला फलाट येण्यापूर्वी आणि गेल्यानंतरही तोच 400 हर्ट्झचा स्वर ऐकू येतो.